जुन्या आरामखुर्च्या भंगारात देण्यापूर्वी

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या नौपाड्यातील गल्लीत तीन मजल्यांची एक जुनी इमारत पुनर्विकासासाठी रिकामी झाली. विकासकाला ताबा देण्याची तारीख तोंडावर आलेली, भाड्याने मिळालेली घरे लहान, आणि पितृपक्ष लागण्यापूर्वी नव्या जागेत दूध उतू घालवण्याची सगळ्यांनाच घाई. त्यामुळे दोन-तीन पिढ्यांनी वापरलेले लाकडी सामान दोन दिवसांत फाटकाबाहेर येऊन पडले. त्यात चार लांब हातांच्या आरामखुर्च्या आणि एक झुलती खुर्ची होती. भंगारवाल्याने पाचही खुर्च्यांचे मिळून १,८०० रुपये देऊ केले आणि ते कुणाला कमी वाटले नाहीत, कारण त्या खुर्च्या नेमक्या काय आहेत हे देणाऱ्यांनाच ठाऊक नव्हते. मी खाली उतरेपर्यंत चार आरामखुर्च्या टेम्पोत चढल्या होत्या. पाचवी तेवढी राहिली होती. ठाण्यात जुन्या इमारती एकामागून एक खाली होत असताना असे सामान रोज कुठल्या तरी फाटकाबाहेर येत आहे, म्हणून या विषयावर जरा सविस्तर लिहीत आहे.

मी एकतीस वर्षे विमा सर्वेक्षक म्हणून काम केले. आगीत जळालेल्या आणि पाण्यात भिजलेल्या घरगुती वस्तूंची किंमत ठरवणे हा माझा रोजचा व्यवसाय होता. २६ जुलै २००५ च्या पावसानंतर ठाणे, कळवा आणि कल्याण भागांतील तळमजल्यांवरची कितीतरी घरे मी गाळातून फिरून पाहिली. नुकसानीच्या याद्यांत फ्रिज, टीव्ही, शिलाई मशीन हे सगळे पावतीसह नोंदलेले असे आणि अगदी शेवटी ‘जुनी खुर्ची, एक नग’ अशी ओळ असे. त्या एका ओळीत कित्येकदा घरातली सर्वांत जास्त किमतीची लाकडी वस्तू असायची. लाकडाची आणि खुर्च्यांची ओळख मला त्या निमित्ताने झाली आणि निवृत्तीनंतर तीच आवड बनली.

आपल्या घरांत ज्याला सरसकट आरामखुर्ची म्हणतात, त्या नावाखाली निरनिराळ्या कुळांतल्या खुर्च्या येतात. लांब हातांची खुर्ची ही त्यांतली सर्वांत भारदस्त. तिचे हात बसण्याच्या जागेच्या पुढे फूट-दीड फूट जातात, किंवा हातांच्या खाली दडवलेली दुसरी फळी फिरवून पुढे काढता येते. पाय त्यावर टाकून माणूस अर्धवट आडवा होतो. इंग्रजी अमदानीतल्या मळेवाल्यांच्या, वकिलांच्या आणि अंमलदारांच्या व्हरांड्यांत ती असे, म्हणून तिला प्लँटर्स चेअर म्हणतात. ती आपल्याच सुतारांनी सागात किंवा शिसवीत घडवलेली असल्याने तिच्यावर बहुधा कुणाचे नाव नसते आणि तिची पारख केवळ कामावरून करावी लागते. दुसरी, पाठ मागेपुढे करता येणारी खुर्ची. तिची पाठ खालच्या बाजूला बिजागरीवर बसवलेली असते आणि हातांच्या मागच्या टोकांवर कापलेल्या खाचांमध्ये एक आडवी दांडी, बहुधा पितळी, टेकवलेली असते. दांडी मागच्या खाचेत सरकवली की पाठ आणखी कलते. लंडनमध्ये विल्यम मॉरिस यांच्या कंपनीने १८६० च्या दशकात ही रचना बाजारात आणली, म्हणून जगभर तिला मॉरिस चेअर हे नाव पडले, पण तिची नक्कल इतक्या देशांत आणि इतकी वर्षे होत राहिली की नावावरून वय मुळीच ठरत नाही. ताडपत्री कापडाची घडीची खुर्ची, जिच्यात बसून आपल्या आजोबांनी वर्तमानपत्रे वाचली, तिला बाजारात फारशी किंमत नाही. ती ठेवायची ती मायेपोटी, आणि तेही कारण पुरेसे आहे.

झुलत्या खुर्चीची गोष्ट वेगळी आहे, आणि तिच्याच बाबतीत लोकांची सर्वाधिक फसगत होते. वाकवलेल्या लाकडाची, वेटोळ्यांसारख्या कमानी असलेली, आसन आणि पाठ वेताने विणलेली झुलती खुर्ची आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे. तिचे मूळ मायकेल थोनेट या कारागिराकडे जाते. जर्मनीतील बोप्पार्ड येथे १७९६ मध्ये जन्मलेले थोनेट पुढे व्हिएन्नाला गेले, तेथे १८५३ मध्ये त्यांनी मुलांच्या नावाने कारखानदारी उभी केली आणि १८५६ मध्ये अखंड लाकूड वाकवण्याच्या पद्धतीचे हक्क मिळवले. त्यांची प्रसिद्ध १४ क्रमांकाची खुर्ची १८५९ सालची आणि पहिली झुलती खुर्ची १८६० सालची. या कामातली युक्ती मला आजही थक्क करते. बीच जातीचे लाकूड वाफेत मऊ केले तरी ते दबायला तयार असते, ताणायला नसते. सरळ वाकवले तर बाहेरच्या बाजूचे तंतू ताणून फाटतात. थोनेट यांनी बाहेरच्या बाजूला लोखंडी पट्टी आवळून बांधली, म्हणजे वाकवताना बाहेरची बाजू ताणली न जाता आतली बाजू दाबली जाते आणि काठी न तडकता वळते. मग ती साच्यात अडकवून वाळवायची. सगळे भाग स्क्रूंनी जोडलेले असल्याने खुर्च्या सुट्या करून पाठवता येत; १४ क्रमांकाच्या ३६ खुर्च्या एका घनमीटरच्या खोक्यात मावत. मुंबईच्या बंदरात आणि तेथून इराणी हॉटेलांत, वाचनालयांत, घरांत वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या इतक्या सहज पोचल्या त्याचे एक कारण हेच.

मात्र १८६९ मध्ये थोनेट यांचे हक्क संपले आणि त्यानंतर कोहन यांच्यासारखे अनेक कारखाने तशाच खुर्च्या बनवू लागले. त्यामुळे ‘वाकवलेली दिसते, म्हणजे थोनेटच’ हे म्हणणे निराधार आहे. फाटकाशी उरलेली ती खुर्ची ज्यांच्या घरची होती, त्या वहिनींचा समज असा की त्यांच्या पणजेसासऱ्यांनी ती १८९० च्या सुमारास विलायतेहून मागवली. त्यांचे यजमान मात्र ती काढून टाकायच्या बाजूचे होते. ‘काका, तिला कीड लागलीय हो, नव्या घरात नको,’ असे ते म्हणाले. मी त्यांना पाच मिनिटे मागून घेतली आणि खुर्ची पदपथावर एका चादरीवर उलटी केली.

आसनाची कडी म्हणजे वेताभोवतीचे लाकडी कडे. तिच्या आतल्या, खालच्या बाजूला पाहायचे असते, कारण कारखान्याचे नाव तेथे दाबून उमटवलेले असते किंवा तेथेच कागदी चिठ्ठी चिकटवलेली असते. ओल्या फडक्याने पुसू नये, कागद निघून येतो. मी कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडली. नाव उमटवलेले सापडले नाही, पण कसर लागून अर्धी उरलेली एक चिठ्ठी सापडली आणि तिच्यावर देशाच्या नावाचा शेवटचा भाग वाचता येत होता: चेकोस्लोव्हाकिया. हा देश १९१८ मध्ये अस्तित्वात आला. म्हणजे खुर्ची १८९० ची असणे शक्य नाही. वहिनींना क्षणभर वाईट वाटले. परंतु त्याच चिठ्ठीने हेही सिद्ध झाले की खुर्ची खरोखर मध्य युरोपातून आलेली आहे, मुंबईत कुणी केलेली नक्कल नव्हे, आणि घरातल्या आठवणीतला ‘विलायतेहून आली’ हा भाग बऱ्याच अंशी बरोबर होता. वय तीस वर्षांनी कमी झाले, पण खुर्चीला पहिल्यांदाच पुराव्याचे वय मिळाले. माझ्या अनुभवात घरातल्या आठवणी वस्तूच्या मुळाबद्दल सहसा खऱ्या असतात आणि सालाबद्दल सहसा चुकतात.

चिठ्ठ्यांबद्दल एक स्थानिक खूण सांगतो. मुंबईतील जुन्या फर्निचरवाल्यांच्या चिठ्ठीवर पत्ता असेल तर त्यातील टपालाचा क्रमांक पाहावा. सहा आकडी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. त्यापूर्वी ‘मुंबई ४’ अशा पद्धतीने विभागाचा क्रमांक लिहीत. सहा आकडी पिन असलेली चिठ्ठी घेऊन कुणी शंभर वर्षांची खुर्ची विकायला आला तर त्याला शांतपणे परत पाठवावे.

चिठ्ठी नसेल तर लाकूड, लोखंड आणि वापराच्या खुणा बोलतात. स्क्रूच्या डोक्यावर अधिक चिन्हासारखी खाच असेल तर तो स्क्रू १९३० च्या दशकानंतरचा, कारण अमेरिकेत फिलिप्स यांच्या नावाची ही रचना तेव्हा रूढ झाली. असा एखादाच स्क्रू असेल तर ती नंतरची दुरुस्ती समजावी; सगळेच तसे असतील आणि त्यांच्याभोवती जुन्या भोकांच्या खुणा नसतील, तर खुर्चीच नंतरची. वहिनींच्या खुर्चीतले सगळे स्क्रू एका सरळ खाचेचे होते, मात्र एका डोलकमानीला, म्हणजे खाली जमिनीवर टेकणाऱ्या वाकवलेल्या पट्टीला, लोखंडी पत्रा ठोकून सांधलेले होते. डोलकमानींचा तळ नीट बघावा. वर्षानुवर्षे झुललेल्या खुर्चीची कमान मधोमध आणि जराशी मागच्या बाजूला सपाट झिजलेली असते आणि तेथले लाकूड घासून गुळगुळीत व फिकट झालेले असते. सबंध तळ एकसारखा रंगवलेला आणि कोऱ्या कडांचा दिसला तर कमानी बदललेल्या आहेत किंवा साध्या खुर्चीला मागाहून बसवलेल्या आहेत. अशा मागाहून झुलत्या केलेल्या खुर्च्या बाजारात पुष्कळ येतात. त्यांचे पाय कमानीला मिळण्याच्या जागी अचानक कापल्यासारखे संपतात.

हाताने विणलेला वेत ओळखणे सोपे आहे. आसनाच्या कडीवर सगळीकडे जवळजवळ भोके असतात, प्रत्येक भोकातून वेताची पट्टी खाली जाऊन गाठलेली किंवा पुढच्या भोकात घेतलेली असते, आणि उभ्या, आडव्या व दोन तिरप्या पट्ट्यांची वीण पडून मधे आठकोनी जाळी तयार होते. यंत्रावर विणलेली वेताची चटई मात्र कडीभोवतीच्या खोबणीत दाबून बसवतात; तेथे भोके नसतात. खऱ्या वेताला अंतराअंतराने पेराच्या खुणा असतात, त्याची एक बाजू चकचकीत आणि दुसरी खरखरीत असते, आणि तो वयाबरोबर मधाच्या रंगाचा होतो. प्लास्टिकचा वेत शेवटपर्यंत एकाच रंगाचा राहतो. वेत तुटलेला असला म्हणजे खुर्ची गेली असे नव्हे. तो पुन्हा विणता येतो आणि पूर्वीच्या विणीप्रमाणे विणून घेतला तर किंमत घटत नाही. हे काम आपल्याकडे अंध शाळांतून शिकवले जात असे आणि सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्या कितीतरी अंध विणकरांनी विणल्या आहेत. त्यांच्या बोटांची सफाई ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

आता लाकूड. साग हाताला किंचित तेलकट लागतो, ताज्या कापाला चामड्यासारखा वास येतो आणि त्याच्या आडव्या कापावर वर्षवलयांच्या रांगेत बारीक छिद्रे दिसतात. शिसव जड, जांभळट तपकिरी ते जवळजवळ काळी, मधे गडद रेघा. एकोणिसाव्या शतकात मुंबईत जे भरगच्च कोरीव काम झाले, ज्याला बॉम्बे ब्लॅकवुड म्हणून जगात मागणी होती, ते याच लाकडात. बीच फिकट असते आणि त्यावर तांदळाच्या कणीएवढे तपकिरी ठिपके दिसतात. बीच आपल्याकडे उगवत नाही, त्यामुळे ते ठिपके दिसले की लाकूड समुद्र ओलांडून आले हे निश्चित. आणि बीचला कीड लवकर लागते, त्यामुळे भोके आहेत म्हणून खुर्ची टाकाऊ ठरत नाही. भोकातून पांढरी पूड गळत असेल तर कीड जिवंत आहे आणि औषध घालावे लागेल. पूड नसेल आणि भोकांच्या कडा काळवंडल्या असतील तर ती कधीच मेली आहे. याउलट सागाच्या गाभ्याला कीड सहसा शिवत नाही. सागाच्या म्हणून दाखवलेल्या खुर्चीच्या सगळ्या अंगावर सारख्या आकाराची, सरळ आत गेलेली भोके दिसली तर ती गिरमिटाने पाडलेली नाहीत ना, हे तारेने तपासावे, कारण किडीचे भोक आत वळते.

आणखी एक कसोटी मी नेहमी करतो. कातलेला, म्हणजे कातारावर गोल फिरवून घडवलेला पाय किंवा दांडा कॅलिपरने दोन दिशांनी मोजायचा. लाकूड आडव्या दिशेने एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी आक्रसते. त्यामुळे जुना गोल पाय काळाबरोबर थोडासा अंडाकृती होतो. मापात काहीच फरक नसेल तर त्यावरून एकट्याने निर्णय करू नये, पण फरक असेल तर जुनेपणाचा तो बरा पुरावा असतो, कारण ही गोष्ट रंगाने किंवा पॉलिशने नकली करता येत नाही.

पॉलिशचे नाव निघाले म्हणून माझ्या घरात झालेली हानी सांगणे मला भाग आहे. माझ्या आत्याची पाठ मागेपुढे होणारी सागवानी खुर्ची तिच्या पश्चात माझ्याकडे आली. हातांच्या पुढच्या टोकांना तिच्या तळव्यांनी पाडलेली गडद, चकचकीत झिलई होती. आत्या तेथे दोन्ही हात ठेवून उठायची. २०११ मध्ये मुलाच्या लग्नासाठी घर रंगवले तेव्हा ती खुर्ची मी शहरातल्याच एका दुरुस्ती करणाऱ्याकडे, फक्त वेत बदलण्यासाठी, पाठवली. पुढे जे झाले त्यात चूक माझीच, कारण काय करायचे नाही हे मी लिहून दिले नाही. खुर्ची आली ती यंत्राने घासून, मेलामाइनचा चकचकीत थर देऊन, प्लास्टिकचा वेत लावून, आणि पितळी दांडीच्या जागी स्टीलची नळी घालून. जुनी दांडी कुठे आहे विचारले तेव्हा ‘ती वाकडी होती, टाकली’ असे उत्तर मिळाले. खाचांच्या कडा इतक्या घासल्या गेल्या होत्या की नळी नीट बसतही नव्हती. लाखेचे जुने पॉलिश स्पिरिटच्या फडक्याने पुन्हा जागे करता येते, मेलामाइन उतरवायचे तर पुन्हा लाकूड घासावे लागते. मी दुसऱ्यांच्या नुकसानीची किंमत लावत आलो होतो. या खुर्चीच्या बाबतीत किती गेले हे मला अगदी नेमके सांगता येते आणि म्हणूनच ते जास्त टोचते. आत्याच्या हातांची झिलई परत येणार नाही. म्हणून कळकळीने सांगतो: किंमत कळेपर्यंत पॉलिश, रंग, सनमायका, काहीही करू नका. मऊ कोरडे फडके पुरे.

किमतीविषयी लोकांना एकच आकडा हवा असतो आणि तो देता येत नाही. एकाच खुर्चीच्या एकाच दिवशी निदान चार किमती असतात: भंगारवाला देईल ती, जुन्या वस्तूंचा व्यापारी विकत घेताना देईल ती, तोच व्यापारी दुकानात मांडून मागेल ती, आणि तशी खुर्ची आज नव्याने घडवून घ्यायची तर येईल तो खर्च. वाद बहुतेक वेळा यासाठी होतात की एक माणूस तिसऱ्या किमतीबद्दल बोलत असतो आणि दुसरा पहिल्या. मुंबईत मटण स्ट्रीटवर, म्हणजे चोरबाजारात, मी वहिनींच्या खुर्चीसारख्या खुर्च्यांची चौकशी केली तेव्हा तीन दुकानांत सांगितलेल्या भावांत दुपटीहून जास्त अंतर होते, आणि ते सगळे मागायचे भाव होते, मिळालेले नव्हेत.

टेम्पोत गेलेल्या त्या चार आरामखुर्च्यांचे गणित मात्र साधे आहे. त्यातली एक मी उतरवून घेण्याच्या प्रयत्नात हाताने उचलली होती. ती वीस किलोच्या आसपास असावी. वाळलेला साग घनफुटाला साधारण १८ ते १९ किलो भरतो. म्हणजे एका खुर्चीत एक घनफुटाहून थोडे अधिक, पन्नास-साठ वर्षे वाळलेले, न पिळणारे सागवान होते. चांगल्या सागाचा भाव कोणत्याही लाकडाच्या वखारीत विचारावा. तो घनफुटाला काही हजार रुपये सांगतात. कारागिरी, वय, वेत, जोडी असणे हे सगळे बाजूला ठेवले, केवळ लाकूड मोजले, तरी पाच खुर्च्यांचे १,८०० रुपये हा व्यवहार कुठेच बसत नाही. जोडीचे महत्त्वही ध्यानात घ्यावे. एकाच हाताच्या चार सारख्या खुर्च्या एकत्र असणे दुर्मीळ, आणि चार एकत्र विकल्या तर एकेकीला जास्त किंमत येते; त्या दोन कुटुंबांत वाटून वेगवेगळ्या दिल्या की तो लाभ संपतो. उलट बाजूही सांगितली पाहिजे. पाच फूट लांबीची खुर्ची आजच्या ठाण्यातल्या दोन खोल्यांच्या घरात ठेवता येत नाही, तिला गिऱ्हाईक अलिबाग-मुरुडकडच्या बंगल्यांत किंवा जुन्या वळणाच्या हॉटेलांत मिळते, आणि तेथवर पोचण्यासाठी वेळ लागतो. चार दिवसांत विकायची असेल तर पडेल भाव येणारच. म्हणून पारख घर रिकामे होण्याच्या किमान दोन-तीन महिने आधी व्हावी.

कागदपत्रांना आपण फार कमी लेखतो. खुर्चीत बसलेल्या पणजोबांचा एक जुना फोटो, खरेदीची पावती, कुणी बदलीच्या वेळी विकल्याची चिठ्ठी, यातले काहीही असेल तर ते खुर्चीबरोबर ठेवावे; त्याने वय ठरते आणि भावही वाढतो. घराचा विमा असेल तर अशी खुर्ची सर्वसाधारण सामानात न मिसळता, फोटो आणि मूल्यांकनासह स्वतंत्र नोंदवून घ्यावी. दुर्मीळ व कलात्मक वस्तूंची भरपाई नेहमीच्या पॉलिसीत मर्यादित असते, आणि घसारा वजा केला की ऐंशी वर्षांच्या खुर्चीची किंमत कागदावर जवळपास शून्य होते.

कायद्याची बाजू थोडक्यात. पुरावशेष व कलानिधी अधिनियम १९७२, जो ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे, त्यानुसार किमान शंभर वर्षे जुनी, कलाकुसरीची किंवा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावशेष ठरू शकते. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी नेता येत नाहीत. शिसवीचे लाकूड २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधांतही आले आहे. परदेशातल्या मुलाकडे आजोबांची शिसवी खुर्ची पाठवायचा विचार असेल तर खोके बांधण्यापूर्वी चौकशी करावी.

माझी मागणी लहान आहे. आपल्या शहरात १८९३ पासून चालत आलेले मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, महापालिकेची सभागृहे आहेत, प्रत्येक पुनर्विकासाआधी गृहनिर्माण संस्थेच्या निदान पाच-सहा सभा होतात. त्यांतल्या एका सभेत अर्धा तास जुन्या लाकडी सामानासाठी ठेवावा. रहिवाशांनी खुर्च्यांचे खालून, वरून आणि सांध्यांचे फोटो आणावेत आणि एखाद्या जाणत्या सुताराला किंवा मूल्यांककाला बोलवावे. ज्यांना विकायचे आहे त्यांनी खुशाल विकावे. पण काय विकतो आहोत हे कळून विकावे, आणि दोन व्यापाऱ्यांकडून लेखी भाव घेऊन विकावे. सुतारांनाही एक विनंती आहे: बदललेला स्क्रू, काढलेली दांडी, तुटलेली पट्टी हे सारे पिशवीत घालून गिऱ्हाईकाला परत द्यावे.

वहिनींची झुलती खुर्ची सध्या माझ्या गॅलरीत आहे. त्यांचे भाड्याचे घर दुसऱ्या मजल्यावर अरुंद जिन्याचे आहे, तेथे ती चढत नाही. डोलकमानीवरचा पत्रा काढून तेथे बीचचाच तुकडा सांधायचा आणि वेत पूर्वीच्याच भोकांतून विणून घ्यायचा, एवढेच काम ठरले आहे. चिठ्ठीवर पातळ पारदर्शक कागद लावून ती जागच्या जागी ठेवली आहे. टेम्पोत गेलेल्या चार खुर्च्यांचा माग मी राबोडीपर्यंत काढला, पुढे तो लागला नाही.

दसरा होऊन गेला आहे आणि दिवाळीची साफसफाई घराघरांत सुरू झाली आहे. माळ्यावरचे आणि गॅलरीतले सामान खाली उतरण्याचे दिवस हेच असल्याने हे पत्र शक्य तो याच आठवड्यात छापावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त विमा सर्वेक्षक,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)